नानीचा पहिला नवरा

कालप्रवासाच्या बहुतेक कथा एका आमिषावर उभ्या असतात. यंत्रात बसायचे, मागे जायचे, चुकलेले दुरुस्त करायचे आणि त्या दुरुस्तीने नवा घोटाळा झाला की तोही निस्तरायचा. गोष्ट रंगते, पण भूतकाळातली माणसे त्यात प्यादी होऊन जातात. कोणाला वाचवायचे आणि कोणाला जाऊ द्यायचे याचा हिशेब नायक करतो आणि आपण त्याच्या हुशारीला दाद देतो. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेने 11 नोव्हेंबर 2018 रोजी दाखवलेल्या ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ या भागात हे आमिषच काढून घेतले. फाळणीच्या दिवसांतल्या पंजाबात घडणारा आणि एका आजीच्या तरुणपणाभोवती फिरणारा हा सुमारे पन्नास मिनिटांचा भाग आहे. या मालिकेने कालयंत्राचा इतका प्रौढ उपयोग फार कमी वेळा केला असेल असे माझे ठाम मत आहे. यंत्र दाराशी उभे असताना कोणालाच काही बदलता येत नाही, आणि त्यामुळेच त्या काळातली माणसे आपापल्या निर्णयांसकट डोळ्यांसमोर येतात. फाळणीवर आपल्याकडे आजही जे बोलले आणि दाखवले जाते ते पाहता, या भागाची रीत भारतीय प्रेक्षकाने नीट तपासून पाहण्याजोगी आहे.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झालेल्या या मालिकेतला डॉक्टर हा माणसासारखा दिसणारा परग्रहवासी. जुन्या ब्रिटिश पोलिसांच्या निळ्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून तो काळात आणि अवकाशात फिरतो, आणि मरणाच्या दारात पोहोचला की नवे शरीर धारण करतो. नट बदलत गेले तरी मालिका टिकली ती या युक्तीमुळे. 2018 च्या पर्वात पहिल्यांदाच ही भूमिका एका स्त्रीकडे, जोडी व्हिटेकरकडे आली, आणि डॉक्टरच्या सोबतीला शेफील्ड शहरातली तीन साधी माणसे आली. त्यांतली एक यास्मिन खान, पाकिस्तानी वंशाची तरुण पोलीस. फाळणीशी या मालिकेचे नाते मात्र त्याहून जुने आहे. तिची पहिलीवहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन लखनौला जन्मले आणि लहानपणीच इंग्लंडला गेले. त्यांच्या आई अतिया हुसेन यांनी 1961 मध्ये लिहिलेल्या ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या कादंबरीत लखनौचे एक मुस्लिम घराणे फाळणीने कसे दुभंगते ते येते. म्हणजे मालिकेच्या पहिल्या दिग्दर्शकाच्या घरातच हा विषय होता. तो पडद्यावर यायला 55 वर्षे जावी लागली, आणि तो आला तोही विनय पटेल या भारतीय वंशाच्या ब्रिटिश लेखकाच्या हातून.

गोष्ट अशी. शेफील्डच्या घरात यास्मिनच्या नानीचा, उंब्रीनचा वाढदिवस आहे. नानी घरच्यांना आपल्या जुन्या वस्तू वाटते आणि यास्मिनच्या हातावर एक मोडके मनगटी घड्याळ ठेवते. हे कधी दुरुस्त करायचे नाही, एवढेच बजावते. त्यामागची कथा विचारली तर गप्प होते. यास्मिन डॉक्टरकडे हट्ट धरते, यान ऑगस्ट 1947 च्या पंजाबात उतरते आणि तिला कळते की नानीचे लग्न ठरले आहे ते तिच्या नानाशी नव्हे. नवरा मुलगा प्रेम नावाचा हिंदू शेतकरी आहे. प्रेमचा मोठा भाऊ कुणाल ब्रिटिशांच्या फौजेत लढताना गेला, प्रेम स्वतः त्याच फौजेतून परतला आणि धाकटा भाऊ मनीष दरम्यान भडक पत्रके वाचत, रेडिओवरची भाषणे ऐकत वेगळाच माणूस झाला आहे. लग्न नव्या सरहद्दीवर लागते आणि ते डॉक्टरच लावते. दोघांचे हात दोराने बांधले जातात. प्रेम उंब्रीनला आपले घड्याळ देतो, ते हातून निसटते, खाली पडते आणि बंद पडते. हा आपला क्षण, तो असाच राहू दे, असे ती म्हणते. त्यानंतर काही वेळातच मनीषने वाट दाखवलेली हत्यारबंद घोडेस्वारांची टोळी येते. उंब्रीन आणि तिची आई निसटाव्यात म्हणून प्रेम मागे थांबतो. डॉक्टर आणि तिचे सोबती पाठ फिरवून चालू लागतात, आणि गोळीचा आवाज होतो तेव्हा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवर असतो.

या सगळ्यात दोन परग्रहवासीही आहेत. त्यांना थिजेरियन म्हणतात. भागाच्या पूर्वार्धात तेच मारेकरी वाटतात, कारण एका साधूचे प्रेत त्यांच्याजवळ सापडते आणि विश्वातले सर्वांत निष्णात मारेकरी अशीच त्यांची ख्याती आहे. पुढे उलगडते की त्यांचा स्वतःचा ग्रह ते दूर असताना नष्ट झाला. आपल्या माणसांच्या अखेरच्या क्षणी कोणीही जवळ नव्हते हे त्यांना इतके लागले की हत्या सोडून त्यांनी दुसरे व्रत घेतले: जो कोणी एकटा, कोणी रडायला नसताना मरत असेल, त्याच्याजवळ जाऊन उभे राहायचे आणि त्याची आठवण जपायची. साधूला मनीषने मारले होते, हे तर त्याच्या मरणाचे साक्षीदार होते. विज्ञानकथेत परग्रहवासी बहुधा संकट म्हणून येतात किंवा सुटका म्हणून. इथे ते यापैकी काहीच नाहीत. ते दुखवटा पाळायला आले आहेत. फाळणीत किती माणसे मेली याचे अंदाज 2 लाखांपासून 20 लाखांपर्यंत पसरलेले आहेत, आणि आकड्यात एवढी तफावत राहते याचा अर्थ असा की असंख्य माणसांची मोजदादही झाली नाही, अंत्यसंस्कार तर दूरच. ज्यांच्या मरणाची कुठे नोंद नाही त्यांच्यासाठी लेखकाने हे दोन साक्षीदार कल्पिले. सगळ्या भागातली हीच कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते.

हस्तक्षेप न करण्याचा नियम या मालिकेला नवा नाही. 1964 मधल्या ‘द अ‍ॅझ्टेक्स’ या कथेत डॉक्टरची सोबतीण बार्बरा ही इतिहासाची शिक्षिका नरबळीची प्रथा मोडू पाहते. डॉक्टर तिला आधीच सांगतो की हे जमणार नाही, आणि तिला ते जमत नाही. पुढे 2005 मध्ये पॉल कॉर्नेल यांनी लिहिलेल्या ‘फादर्स डे’ या भागात रोझ टायलर आपल्या वडिलांच्या अपघाताच्या दिवशी मागे जाते. मुळात तिची इच्छा एवढीच असते की वडील एकटे मरू नयेत, कोणीतरी हात धरावा. ऐन वेळी ती त्यांना मोटारीसमोरून ओढून वाचवते, जगाची घडी विस्कटते, आणि सगळे कळल्यावर वडील स्वतःहून त्या मोटारीसमोर जातात. शेवटी रोझ त्यांचा हात धरते, म्हणजे पहिली इच्छा तेवढी पुरी होते. पंजाबातला भाग याच वाटेवर आणखी पुढे जातो. यास्मिनला प्रेमला वाचवण्याचा मोह होतो, पण प्रेम जगला तर नानीचे दुसरे लग्न नाही, यास्मिनची आई नाही आणि यास्मिनही नाही. ज्या माणसावर तिचा दोन दिवसांत जीव जडला आहे त्याच्या मरणावर तिचे स्वतःचे असणे उभे आहे. तिला त्याचा हात धरायलाही थांबता येत नाही. फाळणीनंतर जन्मलेल्या कितीतरी माणसांची हीच स्थिती आहे. आईबापांची गाठ छावणीत पडली, आजोबांचे पहिले कुटुंब पलीकडेच संपले, आणि ते घडले नसते तर आपण नसतो. हे ओझे कोणत्याही भाषणात मावत नाही. इथे ते एका मुलीच्या चेहऱ्यावर मावले आहे.

या भागावर पहिला आक्षेप येतो तो डॉक्टरच्या निष्क्रियतेचा. एवढी सामर्थ्यवान नायिका, आणि ती एक लग्न लावते, दोन गैरसमज दूर करते आणि पाठ फिरवून निघून जाते. मग तिला न्यायचे कशाला? साहसकथेचे माप लावले तर हा आक्षेप बिनतोड आहे. पण त्या काळात चांगल्या हेतूने झालेला एक खराखुरा हस्तक्षेप आपल्या कायद्याच्या इतिहासात आहे, आणि त्याच्या उजेडात डॉक्टरचे मागे हटणे वेगळे दिसते. भारताच्या संविधान सभेने 1949 मध्ये पळवून नेलेल्या व्यक्तींना परत मिळवण्याचा कायदा केला. 1 मार्च 1947 नंतर कुटुंबापासून वेगळी झालेली आणि दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या घरी राहत असलेली कोणत्याही वयाची मुस्लिम स्त्री ही ‘पळवलेली’ धरली गेली. पाकिस्तानातही अशीच व्यवस्था होती. या मोहिमेतून दोन्ही देशांत मिळून सुमारे 30 हजार स्त्रिया परत पाठवल्या गेल्या. मृदुला साराभाईंसारख्या जीव ओतून काम करणाऱ्या कार्यकर्त्या त्यात होत्या आणि असंख्य बायकांची नरकातून सुटका त्यांनी केली, हे विसरता कामा नये. पण त्या स्त्रीची स्वतःची इच्छा काय, हा प्रश्न कायद्याला निर्णायक वाटला नाही. काहींनी नव्या घरात संसार मांडला होता, मुले झाली होती, काहींना परत जायचे नव्हते. त्यांनाही नेले गेले. रितू मेनन, कमला भसीन आणि उर्वशी बुटालिया यांनी 1998 मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकांत हा पदर पुरता उलगडून दाखवला आहे. आता उंब्रीनकडे पाहा. ऑगस्ट 1947 मध्ये तिने हिंदू माणसाशी लग्न केले. प्रेम वाचला असता आणि ती दोघे भारतात राहिली असती, तर दोन वर्षांनी एखादा पोलीस अधिकारी दारात उभा राहून तिला पळवलेली ठरवू शकला असता. वाचवणारे पुष्कळ होते. तिला काय हवे ते विचारणारे फार थोडे होते. डॉक्टर या वाचवणाऱ्यांत सामील होत नाही. सरहद्द ओलांडून लग्न करण्याचा निर्णय उंब्रीनचा, मागे थांबण्याचा प्रेमचा, आणि डॉक्टर ते दोन्ही निर्णय त्यांच्याकडेच राहू देते. यात तिचा पराभव झाल्याचे मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फाळणीला एका घरातल्या दोन भावांचे भांडण करून ठेवले की साम्राज्य सहीसलामत सुटते. सिरिल रॅडक्लिफ हे वकील भारतात यापूर्वी कधी पाऊल न ठेवता 8 जुलै 1947 रोजी दिल्लीत आले आणि पाच आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगाल चिरणारी रेषा आखून दिली. ती जाहीर झाली 17 ऑगस्टला, म्हणजे दोन्ही देश स्वतंत्र होऊन गेल्यानंतर. आपले गाव कोणत्या देशात हे ठाऊक नसताना माणसांनी स्वातंत्र्याचे झेंडे लावले. मुर्शिदाबादेत काही दिवस पाकिस्तानचा झेंडा होता आणि खुलन्यात भारताचा. सव्वा कोटीच्या आसपास माणसे या रेषेने उखडली. हे सगळे कथेच्या पार्श्वभूमीला आहे, पण ती रेषा आखणारे पडद्यावर येत नाहीत, आणि ब्रिटिश वाहिनीवर ब्रिटिश प्रेक्षकांसाठी केलेल्या भागात हे जरा अधिक रोखठोक यायला हवे होते हे मला मान्य आहे. तरीही या निवडीची दुसरी बाजू आहे. हा भाग दाखवला गेला तो दिवस पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीच्या शताब्दीचा, ब्रिटनभर सैनिकांना आदरांजली वाहण्याचा रविवार होता. त्या संध्याकाळी ब्रिटिश घराघरांत दिसला तो त्यांच्याच फौजेत लढलेला, युद्धातून जिवंत परतलेला आणि त्यांनी घाईने सोडलेल्या देशात आपल्याच शेताजवळ मारला गेलेला हिंदी शिपाई. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 25 लाख हिंदी सैनिक लढले. त्यांच्यापैकी एकाला त्या दिवशी त्या पडद्यावर उभे करणे हे साम्राज्याला दिलेले आरोपपत्रच होते, फक्त त्यात कोणा व्हाइसरॉयचे नाव ठळक केलेले नव्हते.

आणि खरे सांगायचे तर भावाच्या हातून होणारे मरण हा भाग आपल्यासाठी अधिक गरजेचा आहे. फाळणी इंग्रजांनी केली, हे वाक्य भारतात कोणालाही सोयीचे पडते, कारण त्यात आपला कोणी अपराधी ठरत नाही. रेषा इंग्रजांनी आखली, यात शंका नाही. पण घरे ओळखीच्यांनी दाखवली, विहिरीकडची वाट ओळखीच्यांनी अडवली आणि कोणाच्या घरात किती बायका आहेत हे शेजाऱ्यांनाच ठाऊक होते. मनीष कोणी राक्षस नाही. तो गेलेल्या भावावर प्रेम करणारा, आपला देश म्हणजे काय हे नुकतेच कोणाकडून तरी शिकलेला कोवळा मुलगा आहे. ज्या घरात तो वाढला त्याच घराकडे तो टोळी घेऊन येतो. नावातल्या ‘डीमन्स’चा शोध घेत आलेल्या प्रेक्षकाला शेवटी हाच सापडतो. यावर आपल्याकडून एक प्रतिक्रिया हमखास येते, की मारेकरी हिंदूच का दाखवला. पण मेलेला प्रेम हिंदू आहे, मेलेला साधू हिंदू आहे, आणि त्या दोघांचे मरण ज्याने ओढवले त्याने ते हिंदूंच्या नावाने ओढवले. दोन्ही दिशांनी प्रेतांनी भरलेल्या गाड्या धावल्या. पलीकडच्या एखाद्या घरातली हीच गोष्ट सांगताना नावे उलटी असती. एका घराची कथा सगळ्या बाजूंचा ताळेबंद मांडायला बसली की तिच्यात माणूस उरत नाही. पंजाबच्या भूमीवर घडणाऱ्या कथेत एकही ठळक शीख पात्र नसावे, ही मात्र खरी उणीव आहे. शिखांवाचून पंजाबची फाळणी अपुरी राहते. चित्रीकरण स्पेनच्या ग्रॅनडा प्रांतात झाले, पात्रे इंग्रजी बोलतात आणि गाव रिकामेच वाटते, या गोष्टी मी बाजूला ठेवू शकतो. शिखांचे नसणे ठेवू शकत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटच्या प्रसंगात आहे. यास्मिन शेफील्डला परतते. तिच्या हातावर नानीच्या लग्नातली मेंदी अजून आहे. नानी आता घड्याळाची गोष्ट सांगायला तयार होते, आणि यास्मिन म्हणते, पुन्हा केव्हातरी सांग. फाळणीच्या इतिहासाचे गेल्या काही दशकांतले मोठे काम याच्या अगदी उलट दिशेने झाले आहे. नेते, वाटाघाटी आणि ठराव यांखाली घराघरांतल्या कहाण्या दबल्या, म्हणून बुटालियांसारख्या अभ्यासकांनी दारोदार जाऊन म्हाताऱ्या माणसांना बोलते केले. अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये 2017 पासून फाळणीचे संग्रहालय आहे आणि त्यात निर्वासितांनी बरोबर आणलेल्या साध्यासुध्या वस्तू आहेत. महाराष्ट्रातही हे परके नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांतून उल्हासनगर उभे राहिले. पिंपरी, चेंबूर, कोल्हापूरजवळचे वळिवडे इथे त्यांच्या वसाहती झाल्या. कराचीतल्या एनजेव्ही शाळेच्या नावात आजही नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी नाव आहे, आणि त्या शहरातल्या मराठी कुटुंबांनाही 1947 नंतर इकडे यावे लागले. या घरांतली सांगणारी पिढी संपत आली आहे. अशा वेळी नातीने ‘पुन्हा केव्हातरी’ म्हणावे, हे बेजबाबदार नाही का? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण सगळ्या भागाच्या रचनेत आहे. सुरुवातीला यास्मिन हट्टाने, नानीच्या पाठीमागे, तिची गोष्ट घेऊन येते. अभ्यासक परवानगी मागून बसतो. यास्मिनने परवानगी मागितलीच नव्हती. शेवटी तिला सगळे ठाऊक असताना समोर बसून ऐकल्याचे नाटक करणे हा नानीचा दुसऱ्यांदा केलेला अपमान झाला असता. म्हणून ती गोष्टीची मालकी नानीकडे परत देते. आणि या प्रवासात तिला एक गोष्ट कळली आहे, जी नुसत्या मुलाखतीत कदाचित कळली नसती: नानी म्हणजे तिच्यावरचा आघात एवढेच नव्हे. पाकिस्तानात लग्न झालेली पहिली बाई आपणच, अशी फुशारकी मारणारी, पुढे साउथ यॉर्कशायरच्या कापडगिरणीत राबलेली, दुसरा संसार मनापासून केलेली ही बाई आहे. ज्याला आपण फाळणीचा बळी म्हणून नोंदवतो, त्या माणसाला उरलेली पन्नास-साठ वर्षे स्वतःचे आयुष्य असते.

जुन्या जखमांवरची खपली काढू नये, असे म्हणणारेही असतातच. दिग्दर्शक गोविंद निहलानी स्वतः कराचीत जन्मलेले. भीष्म साहनींच्या कादंबरीवर त्यांनी केलेली ‘तमस’ ही मालिका 1988 मध्ये दूरदर्शनवर आली तेव्हा ती थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली गेली. दोन न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपण चालू राहू दिले. सर्वोच्च न्यायालयानेही बंदीची मागणी फेटाळली. त्या निर्णयांमागची समज आजही लागू पडते: द्वेष कसा पेटवला जातो हे दाखवणे म्हणजे द्वेष पेटवणे नव्हे. 2021 पासून 14 ऑगस्ट हा दिवस सरकारी पातळीवर फाळणीच्या वेदनांची आठवण म्हणून पाळला जातो. प्रदर्शने भरतात, छायाचित्रे लागतात. आठवण ठेवायलाच हवी. पण ज्या आठवणीत फक्त पलीकडचा मारेकरी असतो आणि आपला मनीष नसतो, तिच्यातून पुढचे मनीष तयार होतात. हा ब्रिटिश भाग त्या सापळ्यात पडत नाही, आणि त्यासाठी त्याने कोणाची वेदना उणीही केलेली नाही.

एका बाबतीत मात्र हा भाग आणि पुढची मालिका, दोघांशीही माझे जमत नाही. विनय पटेल यांनी 2020 मध्ये आणखी एका भागाचे सहलेखन केले, पण त्याचा विषय वेगळा होता. यास्मिन ऑक्टोबर 2022 पर्यंत मालिकेत राहिली आणि त्या चार वर्षांत उंब्रीनची कथा पुन्हा निघाली नाही. नानीकडून गोष्ट ओढून न घेणे योग्यच होते. पण यास्मिनजवळ या गोष्टीचा एक तुकडा आहे जो नानीजवळ नाही. उंब्रीन पळाली तेव्हा प्रेम त्या टोळीसमोर एकटा उभा होता, आणि जन्मभर तिने त्याला तसाच एकटा पाहिला असणार. तो एकटा मेला नाही, थिजेरियन त्याच्याजवळ उभे होते, त्याचा चेहरा कुठेतरी जपून ठेवलेला आहे, हे यास्मिनला माहीत आहे. ‘फादर्स डे’मध्ये रोझच्या आईला निदान एवढे समजते की एक अनोळखी मुलगी शेवटपर्यंत नवऱ्याचा हात धरून बसली होती. उंब्रीनच्या वाट्याला तेवढेही आलेले नाही. कालयान आणि परग्रहवासी यांचा उल्लेख टाळूनही ते सांगता आले असते. एखाद्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने पाहिले होते, एवढे खोटे पुरले असते. पुढच्या चार वर्षांत लेखकांनी एका प्रसंगापुरते तरी यास्मिनला नानीसमोर बसवून हे बोलायला लावायला हवे होते.